उभ्या काकू

उभ्या काकूंना बसलेलं मी चार वर्षांत एकदाच पाहिलं. चहा त्या उभ्यानेच प्यायच्या, भाजी ओट्याशी उभ्यानेच चिरायच्या. बोरिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नसे. नवीन लग्न होऊन मी तिथे राहायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. त्या म्हणाल्या, "नको गो. बसलंय की नको नको तां मनात येता."

मनात काय येतं ते पुढे कळलं. काका कधीच वारले होते आणि एकुलता एक बाबू बहारीनला कामाला होता. त्याची सुट्टी दोनदा रद्द झाली होती आणि पत्रं आखूड होत चालली होती. पोरगा आपल्याला विसरणार ही त्यांची भीती; तोंडाने मात्र म्हणायच्या, "कामात असतलो." त्यांना वाचता येत होतं, पण पत्र हातात घेऊन त्या दोन ओळींपुढे टिकायच्या नाहीत. म्हणून मी वाचायचे आणि त्या दारात उभ्या राहून ऐकायच्या.

अशाच एका पत्रात बाबूने लिहिलं की तिथे कुणाकडे तरी त्याने चॉकलेटात बुडवलेला खजूर खाल्ला. 'तुझ्या खोबऱ्याच्या वडीला असं केलं तर काय लागेल, आई.' झालं. काकूंनी त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातली चॉकलेटं आणून कढईत वितळवली. ती करपली आणि वड्या कडू झाल्या. मग गोराईहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईने, जी नाताळाला घरी असल्या मिठाया करायची, सांगितलं की खायचं चॉकलेट वेगळं आणि वर चढवायचं वेगळं. त्याची लादी क्रॉफर्ड मार्केटात मिळते.

काकूंबरोबर कुठे जाणं म्हणजे शिक्षाच. बस आली नाही की त्या पुढच्या स्टॉपवर चालत निघायच्या, आणि दोन स्टॉपच्या मध्ये असताना बस आम्हाला ओलांडून जायची. मार्केटात त्यांनी पाच दुकानं पालथी घातली. सहाव्यात लादी मिळाली तेव्हा माझे पाय गेले होते आणि त्या विचारत होत्या, "आता बटर पेपर खंय मिळता?"

बाबूच्या कंपनीतला एकजण सुट्टी संपवून शनिवारी परत निघणार होता. वड्यांचा डबा त्याच्याबरोबर जायचा होता. शुक्रवारी आम्ही लादी फोडली आणि उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून वितळवली. सुरेख, चकचकीत झाली. पण काकूंच्या घरात नवा गोड पदार्थ देवाला दाखवल्याशिवाय पुढे जात नसे. त्यांनी भांडं उचलून देवापुढे ठेवलं आणि नेहमीच्या घाईत त्याच्याभोवती पाणी फिरवलं. चार थेंब आत पडले. बघता बघता सगळ्याचा रवाळ गोळा झाला.

"काकू, याला पाणी चालत नाही."

"अगो, पण देवाक दाखवल्याशिवाय पोराक कसा दिवचा?"

लादीचा अर्धा तुकडा उरला होता, म्हणून निभावलं. या वेळी देवाला आधी नुसती वडी दाखवली आणि मग एकेक वडी काट्याने बुडवून ताटं माझ्या फ्रिजमध्ये ठेवली. घट्ट व्हायला अर्धा तास लागेल, असं मी बजावलं होतं. काकू दर पाच मिनिटांनी दार उघडायच्या आणि सुकली का म्हणून एकेका वडीवर बोट दाबायच्या. शेवटी प्रत्येक वडीवर खळगा होता. मी चिडले. म्हटलं, "काकू, हे कसं दिसेल?" त्यांचा चेहरा बघून मलाच वाईट वाटलं.

महिन्याने पत्र आलं. मी वाचू लागले. 'आई, वाटेत सगळं वितळून एकच ठोकळा झाला. सुरीने कापून खोलीतल्या आठ जणांनी खाल्ला. कोपऱ्यातली एक वडी तेवढी शाबूत होती. तिच्यावर तुझं बोट उमटलंय. ती मी खाल्ली नाही. फ्रिजमध्ये ठेवलीय.'

काकू आमच्या उंबरठ्यावर बसल्या. हळूहळू नव्हे, एकदम. म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचलं. मग पदराने डोळे पुसत त्या कागदाकडे बघूनच रागावल्या, "मेल्या, खावची सोडून ठेयलंस कित्या? खराब होतली ती." एवढं बोलूनही त्या उठल्या नाहीत. गॅसवर माझं दूध उतू गेलं, तरी मीही तिथून हलले नाही.

पुढच्या वर्षी बाबू कायमचा परत आला आणि त्यांना घेऊन मुलुंडला राहायला गेला. आमची भेट पुढे क्वचितच झाली आणि आता काकू नाहीत. मी अजून खोबऱ्याच्या वड्या चॉकलेटात बुडवते. फ्रिजचं दार उघडते, मोजून एकाच वडीवर बोट दाबते आणि ती कोपऱ्यात ठेवते.