नमुना आठवरचं नाव

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. घर मी बांधलं आणि ग्रामपंचायतीच्या दफ्तरात ते त्याच्या नावावर आहे.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान. सुरुवात पंक्चर काढण्यापासून केली होती. फाट्यावर एसटीडी बूथ आले त्या सुमारास मी गावात जागा घेतली आणि स्लॅबचं घर उभं केलं; तिथे वडील आणि भावाचं कुटुंब राहायचं, मी फाट्यावरच. जागेचा कागद वडिलांच्या नावाने केला, तोही साध्या स्टॅम्पपेपरवर, रजिस्ट्री न करता. बाप जिवंत असताना पोराने घर स्वतःच्या नावावर घ्यायचं, ही आमच्याकडे बेअदबी. वडिलांनी मृत्युपत्र केलं: शेत थोरल्याला, घर धाकट्याला. धाकटा मी. साक्षीदार म्हणून पहिली सही भावाची. शेत पुढे वडिलांनी हयातीतच त्याच्या सातबाऱ्यावर चढवूनही दिलं.

मग वडिलांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं बंद झालं. मृत्युपत्र घेऊन बीडला वकिलाकडे गेलो. त्याने ते वाचलं आणि विचारलं, "घराचा नमुना आठ कुठंय?"

नमुना आठ म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीतलं पान. ग्रामसेवकाकडून त्याचा उतारा काढला. मालक म्हणून भावाचं नाव.

"हे कुणी लिहिलं?"

"माझ्या आधीच्या माणसानं. वास्तुशांतीच्या कार्डावरून लिहिलं असंल," ग्रामसेवक म्हणाला. "निमंत्रक म्हणून हेच नाव होतं ना? गावातली लई घरं अशीच चढलेत."

होतं. कार्ड छापायला मीच टाकलं होतं. थोरल्याचं नाव निमंत्रक म्हणून घालायचं, ही रीत.

"आन् घरपट्टीच्या पावत्या?"

"दरसाल तुमचे भाऊच नेतेत की."

वकील म्हणाला, वडील आहेत तोवर दुरुस्ती करून घ्या. त्यांचा अंगठा आणि भावाचं संमतीपत्र. त्यांच्या माघारी मृत्युपत्र पुढे केलंत, तर समोरचा म्हणेल, घर त्यांचं होतंच कुठं?

तेव्हापासून गिऱ्हाईक काय मागतंय ते मला कळेना. दुकानातला फोन वाजला की वाटायचं, गेले. रोज मोटरसायकलवर गावाकडे जायचो. आधी वडिलांचा श्वास बघायचा, मग भावाला गाठायचं.

"दादा, येवढी सही कर."

"आज सोमवार हाय."

दुसऱ्या दिवशी, "आज अमुशा हाय." तिसऱ्या दिवशी, "ठिव तिथं, वाचून बघतो." वहिनी आतून म्हणाली, "भावजी, घर काय पळून चाललंय व्हय?"

आठव्या दिवशी ग्रामसेवकालाच गाडीवर बसवून आणलं. भावाने चष्मा लावला, पेनचं टोपण काढलं. तिथे मी गप्प बसायला हवं होतं. जुना गिअरबॉक्स घेताना मी समोरच्याला माझी गरज कळू देत नाही. त्या दिवशी मात्र तोंड सुटलं.

"कर की लवकर, चोरा!"

त्याने टोपण परत लावलं. "चोर कोण बे? कार्डावर नाव तूच छापलंस. मी आलतो का सांगाया?"

बाजेवर वडिलांचा डावा हात वर आला होता. अंगठा त्यांनी स्वतःहून पुढे केला. मी तो शाईला लावला, कागदावर टेकवला. शेजारची भावाच्या सहीची जागा कोरीच राहिली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी वडील गेले.

माझं तोंड चुकलं, मान्य. कार्ड माझं, तेही मान्य. पण दादा, वडील "घर धाकट्याला" असं लिहवून घेत होते, तेव्हा तू शेजारी बसून मान डोलावलीस आणि सही केलीस. घराच्या पावतीवर कुणाचं नाव येतं, हे तिथे फक्त तुला ठाऊक होतं. भावकीसमोर विचारलं तर तू उठून गेलास, म्हणून आता लिहून विचारतो. वडील बोलत होते, चालत होते, ग्रामपंचायतीत स्वतः जाऊ शकत होते, तोवर त्यांना हे का सांगितलं न्हाईस? जबाब दे.