समुद्र नसलेल्या देशाला पास्ता पाठवताना

विमानतळाच्या काचेच्या दाराशी तिकीट नसलेल्यांना अडवतात, तिथे माझा नवरा समीर थांबला. माझी ट्रॉली त्याने आत ढकलली आणि म्हणाला, "तीन वर्षं. मी मोजणार नाही, तूही मोजू नकोस." आत गेल्यावर मी फोन केला, तर म्हणाला, "दिसतेयस. निळ्या बॅगवाल्या माणसाच्या मागे." मी वळून पाहिलं. मला मात्र तो गर्दीत सापडला नाही.

पुण्यातली फूड कंपनी सोडून मी तोक्योतल्या एका ट्रेडिंग कंपनीत निघाले होते. समीरचा कोथरूडला दातांचा दवाखाना, घरी त्याची आई. त्याला येणं शक्य नव्हतं. माझे बाबा नागपूरहून फोनवर एवढंच म्हणाले होते, "गेलीस तर मन लावून राहा." मागे राहिलेले आणि माझ्यासारखेच निघून आलेले, तुम्हां दोघांनाही हे सांगते आहे. मी बाबांचं ऐकलं. मन लावलं.

कंपनीने मला मंगोलियाचं डेस्क दिलं. तुर्कस्तानात बनलेला सुका पास्ता मंगोलियातल्या शाळांच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचवायचा, एवढंच काम. पण त्या देशाला समुद्र नाही. जहाज चीनच्या बंदरात माल उतरवणार, तिथून तो रेल्वेने सीमेपर्यंत जाणार, आणि सीमेवर रुळांची रुंदीच बदलते, म्हणून प्रत्येक कंटेनर क्रेनने उचलून दुसऱ्या वॅगनवर ठेवायचा. कुठेही काही अडलं की आपण नुसतं फोन करत बसायचं.

पहिल्याच हिवाळ्यात उलानबातारहून ओयुनाचा फोन आला. ती आमची तिथली डिस्ट्रिब्युटर, ओसाकात शिकलेली, म्हणून आम्ही जपानीत बोलायचो. "मृणाल-सान, पास्ता नाही, चुरा आलाय." मी विमानाने गेले. गोठवणाऱ्या थंडीतून आलेली खोकी कामगार थेट गरम गोदामात आणत होते. खोक्यांना घाम फुटायचा, आतला पास्ता तडकायचा. आम्ही दोघींनी बाहेर एक बिनहीटरची शेड उभी करून घेतली. माल आधी तिथे ठेवायचा, मग हळूहळू आत. पुढच्या खेपेची स्पॅगेटी अख्खी निघाली. ओयुनाने गोदामातच ती शिजवली. मी मटण खात नाही, म्हणून वर नुसतं लोणी घातलं आणि मी खाऊन संपवेपर्यंत शेजारी उभी राहिली. "आता पोरं काट्याला गुंडाळून खातील," म्हणाली.

इतकी खूश मी कित्येक दिवसांत झाले नव्हते. समीरला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भारीच." मग, "परत यायच्या डेट्स कळल्या का?"

तीन वर्षांची पाच झाली. दर वेळी कारण खरं होतं. मध्ये समीर एकदा तोक्योत, ओजिमाच्या माझ्या घरी येऊन राहिला. मी सकाळी ऑफिसला जायचे, तो प्लॅस्टिकचा कचरा आणि जळणारा कचरा वेगळा करायला शिकला, कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आणून दुपारी एकटा जेवायचा. जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, "तुझं इथे सगळं जागच्या जागी आहे गं. मी कुठे बसायचं तेवढं कळत नाही."

मग त्याने बाणेरला फ्लॅट घेतला, दोघांच्या पसंतीचा. टाइल्सचे फोटो मी लंच ब्रेकमध्ये पाहून निवडले होते. वास्तुशांतीसाठी तिकीट काढलं, बॅग भरली, आणि सीमेवर आमच्या वॅगन अडकल्या. शाळा उघडणार होत्या, ओयुना दिवसभर फोनवर होती. माझे वरिष्ठ ओकादा-सान नम्रपणे म्हणाले, "तुम्ही ठरवाल ते." जपानमध्ये त्याचा अर्थ 'जाऊ नका' असा होतो, हे इथल्यांना सांगायला नको. मी तिकीट रद्द केलं.

"जोडीने बसायचं असतं," समीर म्हणाला. रागावला नाही. सासूबाईंनी फोटो पाठवला. सोवळ्यातला समीर होमासमोर एकटा बसलेला, कमरेला सुपारी लावून. बायको नसलेला पुरुष पूजेला बसतो तसा. तो फोटो मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये उभी राहून पाहिला. त्याच आठवड्यात वॅगन सुटल्या. एकही खोकं फुटलं नव्हतं.

पुढे काही महिन्यांनी त्याने विचारलं, "मृणाल, आपण कशाची वाट बघतोय?" त्याने खूप वेळ फोन ठेवला नाही. मीही नाही.

घटस्फोटाच्या कोर्टाच्या कामासाठी पुण्याला गेले तेव्हा हॉटेलात उतरले. रिक्षावाल्या काकांनी माझं मराठी ऐकून विचारलं, "पुण्याच्याच ना तुम्ही? मग हॉटेलात कशाला?" मी म्हटलं, "काम आहे." सही झाल्यावर समीरने मला बाणेरचा फ्लॅट दाखवायला नेलं. मी निवडलेल्या टाइल्स स्वयंपाकघरात लागल्या होत्या. सासूबाईंनी चहा केला. मी उठून कप विसळायला लागले, तर म्हणाल्या, "राहू दे, तू पाहुणी आहेस." त्या टोचून बोलल्या नव्हत्या. त्यांचेच डोळे भरले होते.

मला वाटलं होतं, निदान काम उरलं. परत आल्यावर पहिल्या मीटिंगमध्ये ओकादा-सान यांनी सांगितलं की मंगोलियाचं डेस्क बंद होतंय. रशियाहून पास्ता सरळ रेल्वेने येतो, स्वस्त पडतो, रुळांची रुंदीही तीच. मीटिंग संपली तेव्हा कॉफी गरमच होती. ओयुनाला मीच कळवलं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं, मृणाल-सान. मी रशियाचा माल घेते आहे. दुकान तर चालवायला हवं." मग विचारलं, "तू आता घरी जाशील का?" घरी कोण आहे, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "बघू." शेड अजून उभी आहे, असं ती म्हणाली. तिथे आता बटाटे ठेवतात.

मी आता डबाबंद मक्याचं काम बघते. तो मोडत नाही, तडकत नाही, माझ्यावाचून पोहोचतो. तुम्ही पुण्याहून विचारता, "परत का येत नाहीस?" परत म्हणजे कुठे, तेवढं मला कुणी सांगत नाही. इथेही माझं म्हणावं असं काही नाही. व्हिसा आहे, गॅसचं बिल माझ्या नावाने येतं, लिफ्टमधली भारतीय मुलं माझ्याशी जपानीत बोलतात.

आई रोज संध्याकाळी नागपूरहून फोन करते. "पोहोचलीस का घरी?" एवढंच विचारते. मी दारात उभी असते, किल्ली हातात. तिला बरं वाटावं म्हणून म्हणते, "हो आई, पोहोचले."