दुसऱ्या चुलीचं दार

आमच्या खापरपणजोबांनी समुद्र पोहून पार केला, असं मी लहानपणी वर्गात छातीठोकपणे सांगायचो. पुढे ऐकणाऱ्यांत एकदा भूगोलाचे मास्तर निघाले, म्हणून नाइलाजानं खापरपणजोबांना जहाजात बसवावं लागलं. तरी जहाज मी जमेल तेवढं मोडकं ठेवलं, वादळ जमेल तेवढं मोठं, आणि मध्ये एक देवमासा सोडला. खापरपणजोबा कठड्याला टेकून भाकरी खाताहेत आणि देवमासा खाली तोंड वासून तुकड्याची वाट बघतोय, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मला त्या भाकरीवरचा ठेचासुद्धा दिसतो.

यातलं खरं एवढंच, की इंग्रजांच्या अमदानीत सिन्नरजवळच्या आमच्या गावातून हा माणूस उसाच्या मळ्यावर करारानं राबायला मॉरिशसला गेला. जाण्याआधी त्यानं एक काम केलं. ते इतकं साधं आहे की त्यात देवमासा घालायला मला आजवर जागा सापडलेली नाही. त्यानं घरात दुसरी चूल मांडली.

आता आमच्याकडे दुसरी चूल म्हणजे घर फुटलं. आधी भावाभावांची तोंडं फिरतात, मग बायकांची भांडी वाजतात आणि मग चूल वेगळी होते, अशी रीत आहे. इथे भांडणाचा पत्ता नव्हता. खापरपणजोबांनी स्वतः माती कालवली, स्वतःच्या हातानं बायकोसाठी चूल घातली, भिंत फोडून रस्त्याकडे दार काढलं. मग थोरल्या भावांना समोर बसवून सांगितलं, की बाजरी खळ्यावरच वाटायची आणि हिचा वाटा तिथून थेट हिच्या दारात उतरवायचा, तुमच्या कणगीतून फिरून येता कामा नये. भाऊ दुखावले. आम्ही काय हिला उपाशी ठेवू, म्हणाले. त्यावरचं उत्तर आमच्या घरात जसंच्या तसं चालत आलंय, मीही त्यात मीठ टाकलेलं नाही: “आलो तर दोन्ही चुलींवर जेवीन. नाय आलो, तर हिनं कुणाच्या चुलीकडं बघत बसायचं नाय.”

ते आले नाहीत. त्याच मळ्यावरून परतलेल्या कुणीतरी निरोप आणला. सुतक फिटलं तशी खापरपणजीनं चुलीवर तवा ठेवला आणि दार उघडं टाकलं. समोरचा रस्ता नाशिकच्या बाजाराला जाणारा. गाडीवान बैल सोडायचे आणि भाकरी मागायचे. पैसे नसले तर जळण टाकून जायचे, मिरच्या टाकून जायचे. तिची भाकरी एवढी मोठी असायची की गाडीवान अर्धी खायचे आणि उरलेली उन्हाला डोक्यावर धरायचे. (ही भाकरी माझ्या मापाची आहे, पण पोरं त्याच चुलीवर वाढली हे खरं.)

तेव्हापासून आमच्या घराण्यात नव्या सुनेला घरात घेतल्यावर दुसरी चूल दाखवतात. ही तुझी, रोज पेटव नाहीतर कधीच पेटवू नको. या चुलीपायी आमच्या कितीतरी सोयरिकी मोडल्या. घर बघायला आलेले पाहुणे दोन चुली बघत, एकमेकांकडे बघत आणि चहाआधीच चपला शोधत. माझे सासरेही उठलेच होते. आमची ही तेवढ्यात आत बायकांना विचारून आली आणि बापाला म्हणाली, घर फुटलेलं नाहीये, फक्त मुलाचं डोकं जरा फुटकं आहे, चालेल.

माझा थोरला भाऊ नाशिक रोडच्या छापखान्यात लागला आणि इंदिरानगरात त्यानं बैठं घर बांधलं. तिथे दुसरी चूल आक्रसत आक्रसत मागच्या गॅलरीतली एक शेगडी होऊन बसली. दिवाळीत अनारसे तळायला तेवढी उपयोगी. मग भाऊ गेला. झोपेत गेला, कुणाला त्रास न देता, जसा जगला तसाच. आणि महिनाभरात वहिनीनं ती शेगडी पुढच्या ओट्यावर आणली.

आजूबाजूला खोल्या घेऊन राहणारी नोकरीतली पोरं-पोरी. मेसच्या पोळ्या खाऊन त्यांचे दात कुदळीसारखे झाले होते. वहिनीनं ज्वारी-बाजरीच्या भाकरी द्यायला सुरुवात केली, आणि संध्याकाळी फाटकापुढे स्कूटींची अशी गर्दी व्हायला लागली की मी एका पाहुण्याला तिथे सिग्नल बसणार आहे असं सांगितलं, आणि त्यानं ते मानलं.

पुतण्याला मात्र ते बघवेना. पोरगा गुणी आहे, अडचण तीच होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. बाप नाही आणि आई भाकऱ्या विकते, लोक म्हणणार मुलगा पोसत नाही. त्यानं घर पाडून नवीन बांधायचं ठरवलं. नकाशात सगळं प्रेमानं केलेलं. आईची खोली मागे शांत बाजूला, न्हाणीघरात धरायला दांडा, खिडकीत तुळस. स्वयंपाकघर एकच, पुढे गाडीची जागा, आणि शेगडी कुठेच नाही. आई, आता तू फक्त बसून खायचं, असं तो म्हणाला. वहिनी नकाशावर बोट फिरवत राहिली, आणि ते बोट दर वेळी मागच्या खोलीतून निघून गाडीच्या जागेवर येऊन थांबत होतं. तिला काय हवंय ते मला दिसलं. तिचं तोंड बंद होतं, माझं कधीच नसतं, म्हणून मी पुतण्याला मिसळ खायला नेलं आणि खापरपणजोबा काढले. चूल, दार, खळ्यावरचा वाटा, सगळं सांगितलं. एक अक्षर वाढवलं नाही, माझ्या तब्येतीला न झेपणारा प्रकार होता तो.

त्यानं शांतपणे पाव मोडला. “काका, मागच्या गणपतीत त्यांनी देवमाशाला भाकरी घातली होती. त्याच्या आधी ते पोहत गेले होते.”

साक्षीदार म्हणून मी असा बाद झालो.

जुनं घर पाडलं, आणि आखणीच्या दिवशी आम्ही सगळे मोकळ्या जागेवर जमलो. मिस्त्री दोऱ्या ताणून पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारत होता. पेठ तालुक्याकडचे मजूर-मजुरणी बाजूला उभे. वहिनीच्या हातात पिशवी होती, मला वाटलं नारळ असेल. पिशवीतून निघाली परात, तवा आणि पिठाचा डबा. फाटकाजवळ, जिथे गाडी उभी राहायची होती तिथे, तिनं तीन विटा मांडल्या, फळकुटांचे तुकडे घातले आणि काडी ओढली.

पुतण्या म्हणाला, “आई, तिथं पार्किंग आहे.”

“असू दे की.”

तिनं भाकरी थापायला घेतली. धूर रस्त्यावर गेला, मग वास गेला. भाकरी फुगली तशी मजुरणी जवळ सरकल्या. एक मुलगी स्कूटीवरून पुढे गेली होती, ती चक्क वळून आली. काकू, सुरू झालं का परत, म्हणून विचारलं आणि हेल्मेट न काढताच उभी राहिली. तिच्यामागे आणखी दोघं थांबली. पुतण्या लाल झाला. आई, मी काय तुला कमी पडू देणार आहे का, असं तो अगदी हळू विचारत होता.

वहिनीनं भाकरी उलटली. एरवी ती आमच्यासारखंच बोलते, पण मनातलं निघालं की सिन्नरकडचं निघतं.

“तू पोसशील, मला ठाव हाय. तुझा बाप बी चांगलाच व्हता. चांगली मानसं बी जात्यात, बाळा.” मग माझ्याकडे हात केला. “ह्यांचा मासा सोड. पन त्या म्हाताऱ्याचे भाऊ काय वाईट नव्हते. चांगलेच व्हते. तरी त्यानं दार काढलं.”

वहिनीनं एक भाकरी पुतण्याच्या हातावर ठेवली. चटका बसला तशी ती या हातातून त्या हातात टाकत, त्यानं उभ्यानंच खाल्ली. मग मिस्त्रीला हाक मारून म्हणाला, गाडी बाहेर लागेल, ही रेष मागे घ्या. इंदिरानगरात हक्काचं पार्किंग सोडणं म्हणजे काय, हे तिथं राहणाऱ्यालाच कळेल. पूर्वी लोक राज्यं सोडायचे.

आमची ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आपल्याकडची शेगडी तेवढी माळ्यावरून काढा.

हेल्मेटवाली मुलगी भाकरीसाठी थांबली होती. मी तिला सांगायला लागलो, की बाई गं, या चुलीचा मूळ पुरुष एकदा भर समुद्रात—

“भाऊजी,” वहिनी म्हणाली, “पाणी आणा. पीठ मळायचंय.”

मी बादली उचलली. मिस्त्रीनं पायानं जुनी रेष पुसली आणि नवी ओढली. रस्त्याच्या बाजूला येताच त्यानं फक्कीची मूठ आवळून धरली, दाराएवढी जागा कोरी सोडली आणि पुढे गेला.