कोपऱ्यातली थंडरबर्ड

मी माझं गाव, साखरा, सोडलं त्या सकाळी दादा, माझे वडील, जीपमध्ये पुढे ड्रायव्हरजवळ बसले आणि सेनगाव येईपर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही. मागे मी, आई आणि दोन मोठ्या बॅगा. प्रशांत, माझा नवरा, लग्न झाल्या-झाल्या अमेरिकेत ओहायोला परत गेला होता; व्हिसा आला तशी मी निघाले. हिंगोली स्टेशनवर हैदराबादच्या गाडीला वेळ होता. आई उगाच पदराने बॅगेची कडी पुसत होती. दादा चहा घेऊन आले, माझ्या हातात कप दिला आणि पहिल्यांदा बोलले, "तकलीफ झाली तर सांग. पन रडून सांगू नको. मला तिथं येता येत न्हाई."

मी शब्द दिला आणि पहिल्याच हिवाळ्यात मोडला.

तुम्ही गावाकडे आहात, तुम्हाला ही तकलीफ पटायची नाही. घर ऊबदार, नळाला गरम पाणी, फ्रिज भरलेला, नवरा चांगला. पण आपल्याकडे बाई घराबाहेर पडली की पाच मिनिटांत कुणी ना कुणी विचारतं, कुठं चालली? रस्त्यावर उभं राहून हात केला की जीप थांबते, टेम्पो थांबतो, ओळखीच्या पोराची मोटारसायकल थांबते. इथं हात करायला रस्त्यावर माणूसच नाही. फुटपाथ आमच्या घरापासून थोडा पुढे जाऊन गवतात संपतो. व्हिसा असा की मला नोकरी करता येत नव्हती. गाडी एक, ती सकाळी प्रशांतबरोबर जायची आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर यायची. शनिवार-रविवारी त्याने मला शिकवलं, लायसन्सही मिळालं. पण गाडीशिवाय लायसन्स म्हणजे पर्समधला एक फोटो, तोही वाईट आलेला.

बर्फ पडायला लागला तेव्हा मी दादांना फोन केला आणि रडून सांगितलं, मी परत येते.

ते चिडले नाहीत. "ये की. तुझं घर हाय, कुणाला विचारायचंय?" मग म्हणाले, "पन तिथलं काई तरी पाहून ये. नुसती खिडकी पाहून आली तर लोकायला काय सांगू मी?"

म्हणून मी बर्फ वितळेपर्यंत थांबायचं ठरवलं. आणि बर्फ वितळला त्या आठवड्यात शेजारच्या गॅरेजचं दार वर गेलं.

आत एक लांबलचक, दोन दारांची, काळपट तांबडी गाडी होती. बॉनेटवर नाकपुड्यांसारखी दोन भोकं. शेजारच्या बार्बबाई दाराला टेकून उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पँटच्या खिशात चिंधी, केस आपल्याकडच्या पोरांसारखे बारीक कापलेले. मी कुंपणापाशी गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण जरा बाजूला, माझ्या खांद्याच्या पलीकडे. नंतर कळलं, त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही.

मी "आंटी" म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी कुणाची आंटी नाही. बार्ब म्हण." आणि दुसरंच वाक्य, "तुला काठी चालवता येते का?"

मला वाटलं लाठीकाठी विचारतात. मी म्हटलं, आमच्या गावात लेझीम खेळतात, काठी नाही. त्या इतक्या हसल्या की त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला. इथं गिअरच्या गाडीला काठीची गाडी म्हणतात. मग मी सांगितलं, की पेरणीच्या दिवसांत मी दादांचा ट्रॅक्टर चालवलाय, क्लच म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

"ट्रॅक्टर," बार्ब म्हणाली. "ये, बस."

तिची अडचण सरळ होती. गाडी तिची, पण डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली. पोरगा दुसऱ्या गावाला. आणि गल्लीतल्या एकाही जवान माणसाला गिअर टाकता येत नव्हता. तिला चालवणारं माणूस हवं होतं, मला चालवायला गाडी हवी होती. सुरुवात एवढीच.

पहिल्या दिवशी मी गाडी इतक्या वेळा बंद पाडली की समोरचा म्हातारा खुर्ची घेऊन बघायला बसला. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. माझा डावा हात सारखा दारावर आपटायचा. बार्ब फक्त म्हणायची, "घाई कुणाला आहे?" आठवड्याभराने आम्ही गावाबाहेर पडलो. सरळ रस्ता आला तशी ती म्हणाली, "आता दाब." मी दाबलं. आधी काहीच झालं नाही. मग इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोचा काटा वर चढला, एक बारीक शीळ ऐकू आली आणि पाठीमागून कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तशी गाडी सुटली. मी मोठ्याने ओरडले, "अगं माय!" बार्बने विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, आई. ती म्हणाली, "हो, मीही तेच ओरडले होते."

ती थंडरबर्ड होती, ऐंशीच्या दशकातली, टर्बो कूप. प्रशांतच्या ऑफिसातल्या मुलांना मी सांगितलं तर एकानेही नाव ऐकलेलं नव्हतं. एक जण म्हणाला, ती तर आपल्याकडची मोटारसायकल. अमेरिकेच्या वेगवान गाड्या म्हटलं की सगळ्यांना मस्टँग आठवते. हिची पोस्टरं कुणी भिंतीला लावली नाहीत. बार्ब तेव्हा गिअरबॉक्सच्या कारखान्यात काम करायची, बायका मोजक्या. तिने ही गाडी घेतली तेव्हा सोबतचे पुरुष म्हणाले, आठ सिलिंडरची घ्यायची सोडून ही चार सिलिंडरची काय घेतलीस, शिलाई मशीन आहे ती. बार्ब मला म्हणाली, "मला त्यांना हरवायचं नव्हतं. मला ही आवडली होती. लोकांना दुसरं कारण लागतं."

त्याच उन्हाळ्यात एका वळणावर मी एकदम ब्रेक लावला. बार्ब घाबरली, हरीण आलं का म्हणून. हरीण नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथपर्यंत, सोयाबीन होतं. गुडघ्याएवढं, हिरवंगार. मी गाडीतून उतरले, पान हातात घेतलं, आणि तिथूनच दादांना व्हिडिओ कॉल केला. आपल्याकडे रात्रीची जेवणं चालली होती. "दादा, पाहा. सोयाबीन हाये!" त्यांनी ताट बाजूला सारलं, फोन डोळ्यांजवळ घेतला. "ओळीत अंतर लई ठेवून राहिले," ते म्हणाले. मग बराच वेळ बघून, "रान लई मोठं हाय. पन मानसं कुठं हायेत?"

मी फोन फिरवला. लाल गाडीच्या दाराशी उभी राहून बार्ब हात हलवत होती, जरा चुकीच्या दिशेला.

"ही एक हाये," मी म्हटलं. परत यायचा विषय त्या दिवशी कुणीच काढला नाही. नंतरही राहूनच गेला.

शनिवारी सकाळी चर्चच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्या जमायच्या. पुढच्या रांगेत चकचकीत मस्टँग, बॉनेट उघडी, भोवती गर्दी. आम्हाला जागा मिळायची मागे, कचऱ्याच्या मोठ्या डब्याजवळ. तिथं आमच्यासारखेच काही असायचे. एक काळी चौकोनी गाडी, दिसायला बँक मॅनेजरची, पण आत टर्बो. एक ठेंगणा पिकअप, जो म्हणे त्याच्या काळात भल्याभल्या गाड्यांच्या पुढे जायचा. एक पिवळी गाडी, जी बनवणारी कंपनीच आता राहिली नाही. त्यांचे मालक घडीच्या खुर्च्या टाकून बसायचे आणि फार बोलायचे नाहीत. पण कुणी वाट चुकून मागे आलं आणि थबकून म्हणालं, "अरे, माझ्या काकाकडे हीच होती," की सगळेच उठून उभे राहायचे. मग तो माणूस तासभर सुटायचा नाही. एकदा एक ट्रक ड्रायव्हर थंडरबर्डच्या टपावर हात ठेवून रडला. त्याच्या भावाची होती म्हणे. बार्बने त्याला किल्ली दिली आणि म्हणाली, "आत बसून ये."

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला विचारायचे, तुम्ही कुठल्या? मी हिंगोली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे नांदेडजवळ का? मीही आधी "हो, नांदेडकडे" म्हणून मोकळी व्हायचे. त्या मागच्या रांगेत बसायला लागल्यापासून मी साखरा सांगायला लागले. साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. समोरच्याला वेळ असेल तर जवळच्या पुसेगावचा रस्ताही सांगायचे.

मग एका शरद ऋतूत बार्बची कडेची नजरही गेली. तिचा मुलगा केविन येऊन तिच्या टेबलाशी बसला; मीही तिथंच होते. तो वाईट नव्हता. त्याने आईसाठी स्वतःच्या घरात खालची खोली रंगवून ठेवली होती. पण गाडीसाठी त्याच्याकडे जागा नव्हती, आणि जे गिऱ्हाईक मिळालं त्याला नुसतं इंजिन आणि टर्बो काढून घ्यायचे होते, बाकी भंगारात. "आई, ही गाडी कुणालाच नकोय," तो हळू आवाजात म्हणाला.

बार्ब टेबलावर हात फिरवत राहिली. तिने माझं नाव घेतलं नाही. मला वाटतं, मुद्दामच घेतलं नाही.

घरी येऊन मी प्रशांतला सांगितलं, गाडी आपण घेऊ. तो दमून आलेला. म्हणाला, "सुनंदा, आपण इथं किती दिवस आहोत तेच आपल्याला माहीत नाही. उद्या नोकरी गेली तर बॅगा भरून निघावं लागेल. विमानात नेणार आहेस ती?"

तो बरोबर बोलत होता, म्हणूनच मला राग आला. इतकी वर्षं आम्ही असंच जगलो होतो. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, मोठी कढई घ्यायची नाही, झाड लावायचं तर कुंडीत. मी म्हटलं, "माहीत नाही म्हणून काहीच घ्यायचं नाही का? मग आपण राहतो कुठं? इथं नाही, तिथंही नाही."

मी आईला फोन लावला, सगळं सांगितलं, आणि विचारलं, घेऊ का?

"मोडकी हाये का?"

"चालू हाये. जुनी हाये."

"मला काहून विचारून राहिली मंग? विचारून राहिली म्हंजे तुला पायजे."

प्रशांतने ते स्पीकरवर ऐकलं. तो हसला, आणि उठून आमचं गॅरेज रिकामं करायला गेला. तिथं आमच्याच त्या रिकाम्या बॅगा होत्या, आणि टीव्हीचं खोकं, कधीतरी परत जाताना लागेल म्हणून जपून ठेवलेलं. खोकं त्याने फाडून बाहेर ठेवलं. केविनने कागदांवर सही केली तेव्हा तोही सुटल्यासारखा दिसला. बार्बने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि फक्त एवढंच म्हणाली, "हिवाळ्यात बाहेर काढू नकोस. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्रा खातं."

पुढे मला कामाची परवानगी मिळाली, आता मी नोकरी करते. प्रशांतच्या ऑफिसजवळच्या शाळेत. रोज विजेच्या गाडीने जाते. ती इतकी गप्प असते की सुरू आहे की नाही ते बघावं लागतं. थंडरबर्ड रविवारची. महिन्यातून एकदा केविनच्या घरी, बार्बकडे. ती उजव्या सीटवर बसते, खिडकी खाली करते आणि विचारते, मका किती वाढला? सोयाबीन पिवळं पडलं का? मी सांगते. मग ती विचारते, तुमच्याकडे आता रानात काय आहे? आणि मी गाडी चालवता चालवता तिला साखऱ्याची तूर दाखवते, वसमतकडची हळद दाखवते. आम्हा दोघींनाही समोर न दिसणाऱ्या गोष्टी बघायची सवय झाली आहे.

गेल्या रविवारी तिला सोडून परत निघाले तेव्हा संध्याकाळ होत होती. पेट्रोल भरायला थांबले आणि फोन वाजला. दादा. पहाटे रानाकडे निघायच्या आधी ते असाच फोन करतात.

"कुठं हायेस?"

"बार्बकडून येऊन राहिले. पेट्रोल भरून राहिले."

"आन् मंग आता?"

"आता घरी चालले," मी म्हटलं.

मग माझ्या ध्यानात आलं मी काय बोलले ते. आजवर त्यांच्याशी बोलताना मी 'घरी' म्हटलं की त्याचा अर्थ एकच असायचा. इथल्यासाठी मी 'रूमवर' म्हणायचे, 'इकडं' म्हणायचे.

मागून आईचा आवाज आला, "काय म्हनती? घरी येऊन राहिली का? कवा?"

मी फोन घट्ट धरून उभी होते. दादा तिला म्हणाले, "न्हाई वो. तिच्या घरी चालली ती." अगदी सहज, जसं पुसेगावला दिलेल्या लेकीबद्दल कुणी सांगावं. मग मला म्हणाले, "अंधार पडायच्या आत पोच. आन् पोचली की फोन कर, तुझी माय जागी हाये."

मी गाडीत बसले, पहिला गिअर टाकला.