नागली करपल्याचा वास

जव्हारच्या भाड्याच्या खोलीत मी नागलीची भाकरी टाकते आणि ती जराशी करपली, की तव्याकडे बघायच्या आधी मागे वळून बघते. मागे कुणी नसतं. आई असते साखरशेतच्या पुढच्या आमच्या पाड्यावर, भावाकडे. पण तिचं वाक्य मला ऐकू येतंच, "नागली कोण करपवतंय?"

आमच्या घरात हे वाक्य कुणालाच नको असायचं. आई ते म्हणायची तेव्हा चूल बहुतेक थंड असायची. मग ती हातातलं काम सोडून एकटक बघत राहायची, ओठ चाटायची, लुगड्याचा काठ बोटांनी चोळत बसायची. कधी एवढ्यावरच निभावायचं. कधी ती धाडकन पडायची आणि सगळं अंग झटके द्यायचं. पाड्यावर याला वारं येणं म्हणत. आई धवलेरी, म्हणजे आमच्याकडच्या लग्नांत गाणी गाऊन लग्न लावणारी बाई. इकडे बायकांनी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायचा आणि तिकडे हिने धवल म्हणायचे, सगळे तोंडपाठ, कागदावर एक ओळ नाही. तिच्या अंगात वारं येणार नाही तर काय तलाठ्याच्या येणार? ती शुद्धीवर येईपर्यंत बायका हात जोडून बसायच्या, आता काहीतरी सांगेल म्हणून. ती पाणी मागायची. त्याचेही अर्थ लावले जायचे.

माझं लग्न झालं तेव्हा मी नुकतीच शिक्षिका झाले होते. आईनं आपल्याच पोरीचे धवल म्हणावेत का, यावर थोडी कुजबुज झाली, पण दुसरी धवलेरी मिळेना म्हणून तीच बसली. माझ्या शाळेतले गुरुजी आणि बाई जीप करून आले होते. ऊन डोक्यावर आलं तरी आईचं गाणं संपेना. मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं आणि मला लाज वाटली. चार बुकं शिकलेल्या माणसाला आपल्या माणसांची वाटते ती लाज. मी आईच्या कानाशी वाकून म्हणाले, "आये, आटप आता. लोक खोळंबलेत." ती थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. ते गाणं तिथंच तोडून तिने पुढचं लावलं आणि लग्न उरकलं. यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

पुढे मीच हट्टानं तिला दवाखान्यात नेलं आणि गोळ्या सुरू केल्या. झटके कमी झाले. पण आई गाताना अडखळायला लागली. एका लग्नात ती तेच कडवं चारदा म्हणत राहिली, पुढची ओळ येईना. बायकांनी सावरून घेतलं. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. अंगणातून बघितलं तर बाई बसलेली दिसे, जवळ गेलं तर तिच्यात कुणी नसे. दिवसभरात एखादं वाक्य बोलायची, "त्या गोळीनं माझां गाणां खाल्लां."

मग भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. नातीचे धवल आईला स्वतः म्हणायचे होते. आणि मला ते पुरे ऐकायचे होते. माझ्या लग्नात मी तोडलेलं गाणं तिच्या तोंडून एकदा शेवटपर्यंत ऐकलं, की माझ्या मनावरचं ओझं उतरेल असं मला वाटत होतं. मे महिन्याची सुट्टी होती, मी पाड्यावरच होते आणि आईला गोळी द्यायचं काम माझ्याकडे होतं.

"लगीन होईस्तोवर मना देऊ नको," आई म्हणाली. "मंग दे. जल्मभर दे."

शाळेत मी पोरांना सांगते, औषध मध्येच सोडायचं नसतं. घरी मी गोळ्यांची पाकिटं पर्सच्या तळाशी टाकली आणि भावाला म्हणाले, संपल्यात, जव्हारला गेले की आणते. पहिले दोन दिवस आई खरंच खुलली. सुपात तांदूळ पाखडताना गुणगुणली. मी किती खूश झाले होते, हे आठवलं की आज माझाच राग येतो.

पाचव्या दिवशी सकाळी बायका चौकासाठी तांदूळ वाटत होत्या. आईनं मान वर करून विचारलं, "नागली कोण करपवतंय?" एक झटका आला. त्यातून शुद्ध यायच्या आत दुसरा, मग तिसरा. बायका हात जोडून बसल्या होत्या. आज देव मुक्कामाला आलाय, असं एक म्हातारी म्हणाली. मी तिच्यावर ओरडले तेव्हा कुठे लोक जीप आणायला धावले. जव्हार, आणि तिथून नाशिक.

नाशिकची डॉक्टरीण माझ्याहून लहान होती. तिने मेंदूचा फोटो उजेडावर धरून कानाच्या आतल्या अंगाची एक जागा दाखवली, बोटाच्या पेराएवढी. नवी आठवण इथून आत जाते आणि साठते, ती म्हणाली. शेजारीच भीतीची, मनाच्या चढउताराची जागा. आईचे झटके इथूनच उठतात, म्हणून आधी वास येतो. इतक्या वर्षांत इथल्या पेशी मेल्यात, चट्टा पडलाय. विसरणं त्यातलंच, आणि उदास बसणंही त्यातलंच. एकाच बिघाडाची ती अंगं आहेत. उदासी कधीकधी पहिल्या झटक्याच्याही आधी येते.

मी फोटोकडे बघत राहिले. मी आश्रमशाळेत सातवीला होते तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांच्या आया न्यायला आल्या आणि माझी आली नाही. घरी गेले तर ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. तेव्हा तिला झटके नव्हते. आपण हिला नकोच आहोत, असं मी ठरवून टाकलं आणि तो राग वीस वर्षं पोसला. तो चट्टा तेव्हापासूनच तिच्या डोक्यात घर करत असेल, हे मला कोण सांगणार होतं?

"गोळीनंही थोडा मंदपणा येतो," डॉक्टरीण म्हणाली. "पण त्यावर उपाय असतो. प्रमाण कमी करता येतं, गोळी बदलता येते. फक्त येऊन सांगायचं. मध्येच बंद केल्या होत्या का?"

"संपल्या होत्या," मी म्हणाले. पर्स माझ्या मांडीवर होती.

लग्न पंधरा दिवस पुढे गेलं. मोखाड्याकडून दुसरी धवलेरी आणली. आई माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती. माणसं ओळखत होती, सुनेला पाणी मागत होती, पण धवलाची एक ओळही तिच्याकडे उरली नव्हती. डॉक्टरीण म्हणाली होती, काही परत येईल, काही येणार नाही. आईनं धवलेरीकडे बराच वेळ बघितलं. मग माझा हात धरून तिने हळूच विचारलं,

"तुझे लग्नात कोण होती गं धवलेरी?"

"तूच होतीस, आये."

"मी?" तिला ते खरं वाटेना. जरा वेळाने म्हणाली, "सगळां गायलां का मी?"

मुख्याध्यापकांचं घड्याळ, तिच्या कानाशी वाकलेली मी, तिचं ते न बघणं, हे सगळं आता एकट्या माझ्याकडे राहिलं होतं.

"सगळं गायलीस," मी म्हणाले. "एक ओळ सोडली नाहीस."

आईचा चेहरा उजळला. गेल्या कित्येक महिन्यांत मी तो असा पाहिला नव्हता. समोरची धवलेरी तेच गाणं म्हणत होती आणि मी जिथं तोडलं होतं त्या जागेच्या पुढे गेली होती. माझ्या लग्नातलं राहिलेलं मी भाचीच्या लग्नात ऐकत होते, आणि आई माझा हात धरून, पहिल्यांदाच कानावर पडत असल्यासारखं, ते ऐकत होती.