दुसरी किल्ली

उदगीरच्या एका शिक्षणसंस्थेच्या शाळेत लिंबाजी सूर्यवंशी सव्वीस वर्षे सेवक होते. एकतीस कुलपांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत आणि प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली अधीक्षकांच्या खोलीतील लाकडी फळ्यावर, आपापल्या क्रमांकाच्या खिळ्याला लटकलेली असे. कुलूप बदलले की त्याच दिवशी दुसरी किल्ली जमा करायची आणि वहीत सही करायची, हा तिथला नियम. लिंबाजींनी तो एकदाही मोडला नव्हता. मुले आणि शिक्षक त्यांना मामा म्हणत. अधीक्षक शंकरप्पा त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. ते त्यांना लिंब्या म्हणत.

नोकरी करता करता लिंबाजींनी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले. कनिष्ठ लिपिकाची जागा रिकामी झाली तेव्हा पदवीधर सेवकांत ज्येष्ठ तेच होते. जागेवर हक्क त्यांचा होता. संस्थेच्या सचिवांना ती भाच्यासाठी हवी होती. संस्थेने दोन अर्ज परत केल्यावर लिंबाजींनी लातूरच्या शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे दाद मागितली. अर्ज लिहिला त्यांच्या मुलीने, नांदेडला कायदा शिकणाऱ्या प्रियदर्शनीने. तिनेच बापाच्या नावाने ई-मेल उघडला आणि अर्जावर तो पत्ता घातला.

“सुनावणीची तारीख ह्याच्यावरच येणार, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही हजर न्हाई झालात तर अर्ज तिथंच बंद होईल.”

जून महिन्यात संस्थेचे परिपत्रक निघाले. प्रत्येक कर्मचाऱ्याने संस्थेने दिलेला कार्यालयीन ई-मेल आपापल्या मोबाइलवर सुरू करावा. यापुढे कागदी सूचना मिळणार नाही. फोन कोणाचा, तो विकत कोणी घ्यायचा, सुटीच्या दिवशी आलेली सूचना पाहिली नाही तर दोष कोणाचा, याविषयी परिपत्रकात एक अक्षर नव्हते. स्वतःच्या मालकीची साधने कामगाराने आणायची आणि त्यांवरचा हुकूम मात्र वरून यायचा, ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी प्रश्न विचारणारा माणूसच भांडखोर ठरतो. शिपाईवर्गातील भामाबाईंनी तो विचारला.

“माझा फोन बटनाचा हाय, साहेब.”

“मग दुसरा घ्या,” शंकरप्पा म्हणाले आणि लिंबाजींकडे वळले. “ह्यांनी घेतलाय बघा. बी.ए. झालेत. लातूरपर्यंत कागद पळवतेत.”

कोणीतरी हसले. लिंबाजींनी खाली पाहिले.

रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर गफूरचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. त्याच्या वडिलांनी त्याच जागेत कचेऱ्यांचे टाइपरायटर दुरुस्त केले होते. लिंबाजी संध्याकाळी तिथे गेले. गफूरने दोन्ही खाती फोनवर चढवली आणि त्यांचे बोट धरून पडद्याच्या कोपऱ्यातील गोलावर टेकवले.

“हे संस्थेचं. आता खाली ओढा. हे तुमचं घरचं. ध्यानात ठेवा भाऊ, दोन वेगळ्या खोल्या हायत. हिकडचं तिकडं नेऊ नका. आन् पासवर्ड कुणालाबी सांगू नका, मी मागितला तरी.”

“तू कशाला मागशील?”

“म्हणूनच सांगून राहिलो.”

हा इशारा चोरांविषयी आहे, असे लिंबाजींनी धरले. चोर आणि अधीक्षकांची खोली यांची सांगड त्यांच्या मनात कधी बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शंकरप्पांनी नवी वही पुढे सरकवली. एका रकान्यात कार्यालयीन ई-मेल व पासवर्ड, दुसऱ्यात वैयक्तिक ई-मेल व पासवर्ड, शेवटी सही. गणिताच्या शिक्षिका उमादेवी यांनी दुसरा रकाना कोरा ठेवला आणि “मला आठवत नाही” असे सांगून त्या निघून गेल्या. लिंबाजींनी दोन्ही रकाने सुवाच्य अक्षरात भरले. सव्वीस वर्षे ते जे करत आले तेच त्यांनी केले: कुलूप नवे आहे, तेव्हा दुसरी किल्ली जमा केली. दुसऱ्यांची दारे राखण्यातच ज्याचा जन्म गेला, त्याला आपलेही एक दार असते आणि त्याची किल्ली कोणाला देणे लागत नाही, हे कोणी सांगितलेच नव्हते.

“फोन दे. चालतंय का बघतो,” शंकरप्पा म्हणाले. त्यांनी संगणकावर काही टंकले. फोनवर ‘तुम्हीच आहात का?’ असा प्रश्न उमटला. त्यांनी ‘होय’वर अंगठा दाबला आणि फोन परत केला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, तिसऱ्या तासाची घंटा द्यायला निघताना लिंबाजींच्या फोनवर एक ओळ झळकली. ‘शिक्षणाधिकारी, लातूर. सुनावणीबाबत.’ त्यांनी आधी घंटा दिली. परत येऊन पाहिले तर ओळ नव्हती. त्यांनी गोल दाबला, खाते बदलले, पुन्हा बदलले. दोन्हीकडे काही नव्हते.

मधल्या सुट्टीत ते गफूरकडे गेले.

“दिसलं होतं रे. डोळ्यानं वाचलं मी.”

गफूरने काढून टाकलेल्या पत्रांचा कप्पा, ट्रॅश, उघडला. पत्र तिथे होते. सुनावणी परवा, सकाळी अकरा वाजता, लातूरला. मग खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे ते पान त्याने उघडले आणि त्याचा आवाज उतरला.

“भाऊ, तुमचं खातं दोन जागी उघडं हाय. एक हा फोन. दुसरं एक कॉम्प्युटर, उदगीरचंच. आज दहा त्रेचाळीसला वापरलंय. पासवर्ड कुणाला दिला?”

“हापिसात जमा केला. वहीत.”

“जमा?” गफूरने फोन खाली ठेवला. “ती काय शाळेच्या संडासची किल्ली हाय का?”

गफूरने पत्र परत जागेवर आणले, ते आणि उपकरणांचे पान कागदावर छापून दिले, दुसऱ्या संगणकावरचे खाते बंद केले. नवा पासवर्ड लिंबाजींनी स्वतः टाकला. गफूरने तेवढा वेळ तोंड रस्त्याकडे केले होते.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला शंकरप्पांनी त्यांना बोलावले. खोलीत उमादेवी पगारपत्रकावर सही करत होत्या.

“पासवर्ड बदललास?”

“कोणचा, साहेब?”

“तुझा. घरचा. नियम म्हाईत न्हाई? दुसरी किल्ली हितं जमा पाहिजे.”

“मी कुणालाच सांगितलं न्हाई बदलला म्हणून. तुम्हाला कसं कळलं?”

उमादेवींचे पेन थांबले. शंकरप्पांच्या कानशिलांवर रंग चढला.

“तोंड वर करून बोलतोस? माझ्या खोलीत? लिपिक व्हायच्या आधीच ही मस्ती?”

“काल दहा त्रेचाळीसला माझं लातूरचं पत्र कुणी काढलं, येवढंच विचारून राहिलो.”

“चालता हो. उद्याची रजा मिळणार न्हाई.”

“रजेचा अर्ज मेलवर टाकलाय,” लिंबाजी म्हणाले. “संस्थेच्या. कागद बंद हायत ना.”

सुनावणीला संस्थेच्या वतीने शंकरप्पाच आले होते. अर्जदाराला पदोन्नतीत स्वारस्य राहिलेले नाही, असे निवेदन ते टंकून घेऊन आले होते. अर्जदार समोरच्या बाकावर बसला होता, म्हणून ते निवेदन त्यांना पिशवीत परत ठेवावे लागले. लिंबाजींनी सेवापुस्तिकेची प्रत, पदवी आणि गफूरने छापलेली दोन पाने टेबलावर मांडली. अधिकाऱ्यांनी उपकरणांचे पान दोनदा वाचले, वहीविषयी विचारले आणि शंकरप्पांचे उत्तर लिहून घेतले. उत्तर असे होते, की वही कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी आहे.

आदेश यायला चार महिने लागले. त्या काळात लिंबाजींना संस्थेच्या देवणीच्या शाखेत पाठवण्यात आले, तिथे बसायला खुर्ची नव्हती. उदगीरच्या किल्ल्यांचा जुडगा मात्र त्यांच्याकडून कोणी परत मागितला नाही, काम फळ्यावरच्या दुसऱ्या किल्ल्यांवर चालले. सहकाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणे टाळले. उमादेवींनी आपण काय ऐकले ते कोणालाही सांगितले नाही. त्यांनी आपला रकाना कोरा ठेवला होता आणि इतरांचा भरला जाताना पाहिला होता. सुशिक्षितांचा विवेक आपल्यापुरता शाबूत असतो. त्याचा उपयोग शेजारच्या माणसाला होत नाही, याची त्यांना खंत असल्याचे दिसले नाही.

आदेश लिंबाजींच्या स्वतःच्या खात्यावर आला. या वेळी तो तिथेच राहिला.

लिपिक म्हणून उदगीरला रुजू झाले त्या दिवशी शंकरप्पांनी त्यांच्यापुढे दप्तरे टाकली. अभिनंदन केले नाही, बसा म्हटले नाही. दप्तरांत ती वहीही होती.

“शिपाई नवा आलाय, व्यंकटी. त्याच्याकडून भरून घे.”

लिंबाजींनी वही उघडली. पट्टी घेतली. वैयक्तिक ई-मेलच्या रकान्यावर, पहिल्या नावापासून शेवटच्या कोऱ्या ओळीपर्यंत, लाल शाईने उभी रेघ ओढली. खाली सही आणि तारीख घातली.

“हे कुणी सांगितलं?” शंकरप्पांनी विचारले.

लिंबाजींनी कमरेचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. “एकतीस किल्ल्या हायत, मोजून घ्या. ह्या शाळेच्या.” मग त्यांनी व्यंकटीला हाक मारली आणि पहिला रकाना दाखवला. “इथं लिहा. बाकीचं तुमचं तुमच्याजवळ.”

शंकरप्पांनी किल्ल्या मोजल्या. दोनदा.