बडेबाबूंच्या नावावरची ॲप

आमगावच्या ज्या कॉलेजात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, तिथं माझ्या पहिल्याच वर्षी बारा नवे संगणक आले. मुख्य लिपिकांना आम्ही सगळे बडेबाबू म्हणायचो. त्यांनी कोणालाच हात लावू दिला नाही. स्वतः एकेक खोका उघडला, एकेक संगणक सुरू केला. लिहिण्याचं, तक्त्यांचं, सादरीकरणाचं, व्हिडिओचं आणि संगीताचं, अशी पाच ॲप कंपनीनंच आत घालून पाठवली होती. ही ॲप तुमच्या खात्यात घ्यायची का, असा प्रश्न पडद्यावर आला. बडेबाबूंनी पेन्शनच्या कागदांसाठी मुलीनं काढून दिलेला आपला ईमेल टाकला आणि होकार दिला. बारा वेळा.

मी शेजारी उभी राहून स्टॉक रजिस्टरात लिहीत होते : 'संगणक, नग बारा, ॲपसहित.' 'ॲपसहित' हा शब्द सुचल्याचं मला फार कौतुक वाटलं.

दोन वर्षांनी बडेबाबू निवृत्त झाले. निरोप समारंभात प्राचार्यांनी शाल घातली, घड्याळ पाहिलं आणि मीटिंग आहे म्हणून निघून गेले. बडेबाबूंनी चार पानी भाषण आणलं होतं. ते आम्ही सात जणांनी ऐकलं.

पुढे तपासणी समिती येणार म्हणून एका प्राध्यापकांनी घरच्या संगणकावर सादरीकरण तयार केलं. ते आमच्याकडे उघडेना. ॲप जुनं झालं होतं. मी अपडेट दाबलं तर पडद्यावर बडेबाबूंचा ईमेल पत्ता आला आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. बाराही संगणकांवर तेच.

"संगणक कॉलेजचा, वीज कॉलेजची, आणि मालक बडेबाबू?" प्राचार्य म्हणाले.

मी कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, जुनी ॲप काढून टाका आणि कॉलेजच्या खात्यातून परत घ्या, थोड्या वेळाचं काम आहे. मी आनंदानं जाऊन सांगितलं. प्राचार्यांनी रजिस्टर मागवलं आणि माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं.

"ॲपसहित लिहिलंय ना? रजिस्टरातली वस्तू निकामी ठरवून निर्लेखन केल्याशिवाय काढून टाकता येते का? समिती नेमावी लागेल. ऑडिटला तुम्ही उत्तर देणार?"

मी देणार नव्हते. बडेबाबूंना फोन केला तर ते म्हणाले, "पासवर्ड फोनवर सांगायचा नाही, बाई. बँकेनं मना केलं आहे."

मग मी त्यांच्या गावी गेले. तिरोड्यापर्यंत रेल्वेनं, पुढे बोदलकशाच्या वाटेनं काळीपिवळी जीपमध्ये कोंबून. भाताची रोवणी चालू होती. बडेबाबू गुडघाभर चिखलात उभे होते. ऑफिसात इस्त्रीशिवाय कधी न दिसलेला माणूस बनियनवर पाहून मलाच अवघडल्यासारखं झालं.

"काऊन वो बाई, एवढ्या दूर कायले आली?"

"बाबूजी, कॉम्प्युटर तुमचा पासवर्ड मागून राहिला."

"माहाच?"

"तुमचाच."

"सायबाचा नाही चालत?"

"नाही चालत जी."

हातातली रोपं त्यांनी बांधावर ठेवली आणि मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग पलीकडच्या बांधीत रोपं लावायला वाकलेल्या बायकोला हाक मारली, "ऐकलं का वो, बाराही कॉम्प्युटर माह्याच नावानं आहेत!" मला चहा पाजला, पासवर्ड कागदावर लिहून दिला आणि म्हणाले, "पण टाकला की माह्या फोनवर ओटीपी येते. ते मी सायबालेच सांगीन. त्याईनं सोता फोन करावं."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी फोन केला. मी टाइप करायला समोर बसले होते, म्हणून स्पीकर चालू होता.

"नमस्कार, बडेबाबू."

"कोण बोलून राहिले?"

प्राचार्यांना पदासकट नाव सांगावं लागलं. बडेबाबूंनी एकेक आकडा सावकाश वाचला. पहिलं अपडेट सुरू झालं आणि पडद्यावरची पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली. "आता वेळ आहेच तर," बडेबाबू म्हणाले, आणि त्यांनी निरोपाचं भाषण काढलं. अजून अकरा ओटीपी बाकी होते, त्यामुळे प्राचार्यांना मीटिंग आठवली नाही. चारही पानं त्यांनी ऐकली. शेवटी "छान बोललात" असंही म्हणाले, आणि मला वाटतं ते खरंच म्हणाले.

पण अपडेट काही एकदाच येत नाहीत. तिसऱ्यांदा फोन करायची वेळ आली तेव्हा प्राचार्यांनी मुकाट्यानं निर्लेखन समिती नेमली. समितीतले सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक माझ्या टेबलापाशी आले आणि विचारलं, "निकामी ॲप ठेवलीत कुठे?" मी पडदा दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाचही चित्रं नीट पाहिली आणि 'प्रत्यक्ष पाहणी केली, निरुपयोगी आढळली' असं लिहून सही केली. त्यानंतर मी ती काढली आणि कॉलेजच्या खात्यातून परत घेतली. चहा निवायच्या आत पहिला संगणक झालासुद्धा.

महिन्याभरानं बडेबाबूंचा फोन आला.

"काऊन वो, आजकाल काही विचारून नाही राहिले तुमी?"

आता लागत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. तिकडे ते वाट पाहत होते.

"बाबूजी," मी म्हणाले, "तो प्रिंटर कागद अडकवून राहिला."

प्रिंटर व्यवस्थित चालू होता. बडेबाबूंनी घसा साफ केला आणि मागचं झाकण कसं उघडायचं ते सांगायला सुरुवात केली. मी कागद-पेन जवळ ओढलं.